एका शिटीची बखर

टाळी वाजवायला दोन हात लागतात. शिटी घालायला दोन बोटे पुरतात. हा हिशेब जगातील सगळ्या नटांना, गवयांना आणि वक्त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शंभर माणसांच्या टाळ्या रंगमंचावर पोहोचेपर्यंत विरून जातात, पण मागच्या रांगेतून निघालेली एकच शिटी नेमकी काळजात जाऊन रुतते.

आपल्या मराठीत या उद्योगासाठी शब्दांची वाण नाही. आपण कुणाची टर उडवतो, कुणाची रेवडी उडवतो, कुणाची हुर्यो उडवतो. मौज अशी की, या सगळ्या प्रकारांत माणूस 'उडवला'च जातो. जणू भुईवर उभे राहण्याचा त्याचा अधिकारच आपण काढून घेतो. शिमग्यात तोंडावर पालथा हात आपटून आपण बोंब ठोकतो. सभ्य गृहस्थांना तो शब्द फार उघडा वाटला, म्हणून त्यांनी त्याला 'शंखध्वनी' असे सोवळे नेसवले. हात तोच, तोंड तेच, आवाजही तोच. पण शंखध्वनी म्हटले की वर्तमानपत्रात छापायला हरकत नाही!

आज मात्र मला वाचकांना एका इंग्रजी शब्दाची बखर सांगावयाची आहे. तो शब्द म्हणजे 'कॅटकॉल'. शब्दशः पाहू गेले तर 'मांजराची हाक'. सभेत किंवा नाटकात लोक ज्या शिट्ट्या, आरोळ्या आणि चित्रविचित्र आवाज काढून समोरच्याला हैराण करतात, त्यांना इंग्रज या नावाने ओळखतो. शब्द तसा क्षुल्लक. परंतु साडेतीनशे वर्षांहून अधिक काळच्या त्याच्या आयुष्यात एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे. हा शब्द जन्मला एका पक्षात आणि म्हातारपणी नांदतो आहे दुसऱ्याच पक्षात. ते कसे, हे कळायचे तर त्याच्या जन्मापासूनच सुरुवात केली पाहिजे.

पहिली गोष्ट ही की, कॅटकॉल हा मुळात आवाज नव्हताच. ती एक वस्तू होती. दुकानात पैसे मोजून विकत मिळणारी एक लहानशी, कर्कश वाजणारी शिटी. रात्री कौलांवर बोक्यांची जुंपली म्हणजे जो सूर निघतो, तशा सुराची. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स याने ७ मार्च १६६० या दिवशी अशी एक शिटी विकत घेतल्याची नोंद केली आहे. किंमत दोन ग्रोट, म्हणजे आठ पेन्स. त्या वेळी पेप्स सत्तावीस वर्षांचा, चांगला कर्तासवरता गृहस्थ होता. कडव्या प्युरिटन मंडळींनी १६४२ पासून लंडनमधील नाटके बंद पाडली होती. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स राजा परत आला आणि नाट्यगृहांची दारे उघडली. नाटके आली तशी त्यांची परीक्षा करणारेही आले, आणि परीक्षकांच्या खिशात ही शिटी आली.

पुढील पन्नास वर्षांत तिने नाट्यगृहात असा काही जम बसवला की, जोसेफ ॲडिसनसारख्या नामांकित निबंधकाराला २४ एप्रिल १७१२ च्या 'स्पेक्टेटर' पत्रात तिच्यावर एक अख्खा निबंध खर्ची घालावा लागला. गावाकडचा एक जमीनदार लंडनात नाटक पाहायला येतो आणि पडदा वर जाताच कॅटकॉलांचा वाद्यमेळ ऐकून थक्क होतो, अशी त्याची कल्पना. मग ॲडिसन पंडिताचा आव आणून या वाद्याच्या उत्पत्तीची चर्चा करतो. शेवटी तो अशा एका उस्तादाची ओळख करून देतो, जो हे वाद्य रीतसर शिकवतो. त्याच्याकडे शोकांतिकेसाठी खर्जातली शिटी आहे, सुखान्तिकेसाठी टिपेतली आहे, आणि नाटक दोहोंची खिचडी असले तर दोन्ही एकदम वाजवण्याची सोय आहे. नाटककाराने स्थळकाळाचे नियम मोडले तर त्या प्रत्येक अपराधासाठी निराळी चिरकी आहे, ती वेगळीच. अशी सोय आपल्या समीक्षकांना उपलब्ध असती, तर मासिकांची कितीतरी पाने वाचली असती!

ॲलेक्झांडर पोप याने आपल्या 'डन्सिअड' या उपहासकाव्यात मूर्खपणाच्या देवीपुढे गोंगाटाची स्पर्धा भरवली आणि तिचे बक्षीस म्हणून कॅटकॉलच ठेवले. १७५५ मध्ये डॉक्टर जॉन्सनचा सुप्रसिद्ध कोश निघाला, तेव्हा नाटकांचा धिक्कार करण्यासाठी नाट्यगृहात वापरले जाणारे चिरके वाद्य, असाच त्याने या शब्दाचा अर्थ दिला. म्हणजे तोवर ती वस्तूच होती. पुढे हळूहळू वस्तू मागे पडली. लोकांच्या ध्यानात आले की, आठ पेन्स खर्च करण्याची गरज नाही. देवाने तोंड फुकट दिले आहे. शिटी गेली आणि तिचे नाव माणसाच्या ओठांवर येऊन बसले.

आता कुणी म्हणेल, की हा सारा टवाळांचा धंदा. यात बखर लिहिण्याजोगे काय आहे? पण ज्या काळाची ही हकीकत, त्या काळी लंडनच्या सामान्य माणसाला मत नव्हते, सभा नव्हती, आणि वर्तमानपत्र विकत घेणेही परवडत नव्हते. तिकीट काढून नाट्यगृहात बसल्यावर मात्र त्याला आवाज होता. रंगमंचासमोरच्या भागाला तिकडे 'पिट' म्हणत, आणि सर्वांत वरच्या माडीला 'गॅलरी'. पिट हा शब्द आपल्याला परका नाही. इंग्रजी धर्तीच्या नाट्यगृहांबरोबर तो मुंबईस आला आणि मराठी नाटकाच्या बोलीत कायमचा राहिला. १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ केले, तेव्हापासूनच्या मराठी नटाला पिटातला प्रेक्षक काय चीज आहे हे कुणी शिकवावे लागले नाही. गाणे रंगले तर 'वन्स मोअर' आणि बिघडले तर शिटी. मध्ये काही नाही.

तर अशा या आवाजाच्या हक्कावर इंग्लंडात एकदा न्यायाधीशालाही बोलावे लागले. चार्ल्स मॅक्लिन नावाचा सत्तरी ओलांडलेला एक थोर नट होता. शायलॉकच्या भूमिकेने त्याने नाव काढले होते. १७७३ मध्ये त्याने कव्हेंट गार्डनच्या नाट्यगृहात मॅकबेथची भूमिका केली आणि त्यावरून त्याच्याविरुद्ध एक टोळी उभी राहिली. नोव्हेंबर महिन्यातील एका रात्री या टोळीने एवढा दंगा केला की, म्हाताऱ्याला तोंड उघडू दिले नाही. व्यवस्थापकांना त्याला नोकरीवरून काढल्याचे रंगमंचावरून जाहीर करावे लागले, तेव्हाच गोंधळ थांबला.

मॅक्लिन गप्प बसणारा नव्हता. त्याने टोळीच्या पुढाऱ्यांवर फिर्याद केली. १७७५ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे निकाल लागला. त्यांनी जो विवेक केला, तो मला या साऱ्या बखरीचा गाभा वाटतो. नाटक पाहताना मनात जे उमटले ते टाळीने किंवा शिटीने व्यक्त करणे, हा प्रेक्षकाचा हक्कच आहे, असे त्यांनी मानले. पण एखाद्या माणसाची भाकरी तोडायची असे घरूनच ठरवून, संगनमताने येणे आणि त्याला हुसकावून लावणे, हा गुन्हा आहे. आवाज एकच असेल. पण एक मनातून आलेला असतो आणि दुसरा कटातून.

आरोपी दोषी ठरले. आता मॅक्लिन त्यांचा सूड घेणार असे सर्वांना वाटले. म्हाताऱ्याने काय मागावे? खटल्याचा खर्च द्या आणि तीन खेळांची प्रत्येकी शंभर पौंडांची तिकिटे विकत घ्या. एक खेळ माझ्या मुलीच्या मदतीसाठी, एक माझ्यासाठी आणि एक ज्या व्यवस्थापकांचे तुम्ही नुकसान केलेत त्यांच्यासाठी! याहून सरस भूमिका आपण आयुष्यात केली नसेल, अशा आशयाचे उद्गार खुद्द न्यायमूर्तींनी त्या वेळी काढले. मला तर वाटते, शिट्टीला इतके झणझणीत उत्तर कुणी कधी दिले नसेल.

यानंतर चौतीस वर्षांनी कॅटकॉलच्या आयुष्यातील मोठा रणसंग्राम झाला. लंडनमध्ये गद्य नाटके करण्याचा परवाना मुख्यतः दोनच नाट्यगृहांकडे होता: कव्हेंट गार्डन आणि ड्रुरी लेन. २० सप्टेंबर १८०८ ला पहिले जळाले. पाच महिन्यांनी, २४ फेब्रुवारी १८०९ ला, दुसरे. कव्हेंट गार्डनचा व्यवस्थापक जॉन फिलिप केंबल याने वर्षभरात भव्य नवी इमारत उभी केली. खर्च भरून काढण्यासाठी त्याने बॉक्सचा दर सहा शिलिंगांवरून सात केला आणि पिटाचा साडेतीनवरून चार. शिवाय एक पूर्ण मजला श्रीमंतांच्या खाजगी बॉक्सांसाठी राखला. गरिबांची गॅलरी इतकी उंच आणि उभी गेली की, तिथून नटांचे पायच तेवढे दिसत. ज्याला नाटक पाहायचे त्याने दुसरीकडे जावे, म्हणावे तर दुसरीकडे जायला जागा कुठे होती?

१८ सप्टेंबर १८०९ ला 'मॅकबेथ'ने नवे नाट्यगृह उघडले. केंबल स्वतः मॅकबेथ, आणि त्याची बहीण, युरोपभर गाजलेली सेरा सिडन्स, लेडी मॅकबेथ. केंबल पुढे आला आणि पिटात आकाश कोसळले. कॅटकॉल, भोंगे, घंटा, खुळखुळे, आरोळ्या! सारे नाटक मुकाभिनयाने पार पडले. एक शब्द कुणाला ऐकू गेला नाही. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. लोकांची मागणी दोन शब्दांची होती: जुने दर. त्या शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे 'ओ. पी.' टोप्यांवर आली, बिल्ल्यांवर आली, फलकांवर आली. पाय आपटून नाचायचा एक 'ओ. पी.' नाचही निघाला. हे एक-दोन नव्हे, सदुसष्ट रात्री चालले. लोक तिकीट काढून आत येत, रंगमंचाकडे पाठ करून उभे राहत आणि पदरमोड करून घसा बसवून घरी जात. आपल्याकडे सत्याग्रहाचे पुष्कळ प्रकार झाले. पण पैसे भरून गोंगाट करण्याचा हा प्रकार विरळाच.

हेन्री क्लिफर्ड नावाच्या वकिलाला टोपीवर 'ओ. पी.' ही अक्षरे लावली म्हणून ब्रँडन या नाट्यगृहाच्या नोकराने पकडवले. क्लिफर्डने उलट दावा लावला आणि ज्यूरीने त्याला पाच पौंडांची भरपाई देवविली. अखेर डिसेंबरात केंबल नमला. त्याने माफी मागितली, पिटाचा दर पुन्हा साडेतीन शिलिंग केला, खाजगी बॉक्स कमी केले आणि ब्रँडनला काढून टाकले. बॉक्सचे सात शिलिंग मात्र तसेच राहिले. लोकांनी तेवढे सोडून दिले.

ही लढाई सामान्य माणसाने जिंकली, म्हणून तिचे पोवाडे गाण्याचा मोह होतो. पण तिच्यातही एक काळा धागा आहे. दंगा आवरण्यासाठी केंबलने मुष्टियोद्धे आणले होते, आणि त्यांचा म्होरक्या डॅनियल मेंडोझा हा ज्यू होता. मालकिणीसारखा पगार घेणारी गायिका कातालानी इटालियन होती. पिटातल्या शिट्ट्या केंबलच्या दराविरुद्ध होत्या, तोवर ठीक. परंतु हा ज्यू आणि ही परकी, म्हणूनही आरोळ्या उठल्याच. आवाज एकदा मोकळा सुटला की, तो धन्याची आज्ञा पाळतोच असे नाही.

त्याचे दुसरे, अधिक करुण उदाहरण ५ जानेवारी १८९५ चे. हेन्री जेम्स हा थोर कादंबरीकार तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता. पाच वर्षे त्याने नाटकाच्या मागे घालवली होती. त्याचे 'गाय डॉमव्हिल' हे नाटक लंडनच्या सेंट जेम्स नाट्यगृहात प्रथम होत होते. भीतीने त्याला तिथे बसवेना, म्हणून तो दुसऱ्या नाट्यगृहात ऑस्कर वाइल्डचे 'ॲन आयडियल हजबंड' पाहत बसला आणि आपले नाटक संपता संपता परत आला. आत काय घडले आहे याची त्याला कल्पना नव्हती. 'लेखक, लेखक' अशी हाक आली आणि प्रमुख नट जॉर्ज ॲलेक्झांडरने त्याला हाताला धरून रंगमंचावर नेले. खालच्या महागड्या खुर्च्यांतून टाळ्या आणि वरच्या गॅलरीतून हूटिंगचा, शिट्ट्यांचा मारा! तो भिडस्त माणूस त्या प्रकाशात पांढराफटक पडून उभा. नाटक कसेबसे महिनाभर चालले, आणि त्याच्या जागी त्याच रंगमंचावर वाइल्डचेच नवे नाटक आले. जेम्सने नंतर आपल्या श्रेष्ठ कादंबऱ्या लिहिल्या हे खरे. पण केंबलपाशी नाट्यगृह होते, दर होते, पहिलवान होते. या माणसापाशी त्या क्षणी काय होते? दोन रिकामे हात.

मला इथे आमच्या तालुक्याच्या गावचे एक नाटक आठवते. पटांगणात कनात बांधून खेळ चालला होता. पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा आपले भाषण विसरला. एक शिटी आली, मग दुसरी. इतक्यात पिटातलेच एक वृद्ध शेतकरी उठून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "लेकरा, पहिल्यापासनं म्हण. आम्हाला घाई न्हाई." सारी कनात चूप झाली. मुलाने पहिल्यापासून म्हटले. ते आजोबाही मोठ्यानेच ओरडले होते. पण त्या आवाजाला कॅटकॉल कोण म्हणेल?

कॅटकॉलची भावंडे अनेक. त्यांतले एक जाता जाता सांगितले पाहिजे. ओठांत जीभ धरून फुर्रर असा जो आवाज पोरे काढतात, त्याला इंग्रज 'रास्पबेरी' म्हणतो. या फळाचा बिचाऱ्याचा काही अपराध नाही. लंडनच्या बोलीत यमकाने शब्द झाकण्याची तऱ्हा आहे. 'रास्पबेरी टार्ट' हा एक गोड पदार्थ, आणि त्याच्याशी यमक जुळणारा दुसरा शब्द उदरवायूच्या खात्यातला. दिवाळी अंक घरातली सर्व मंडळी वाचतात, तेव्हा वाचकांनी आवाजावरूनच ओळखावे! अमेरिकेत याच आवाजाला न्यूयॉर्कच्या एका भागावरून 'ब्राँक्स चीअर' म्हणतात. १९४२ साली महायुद्ध ऐन भरात असताना स्पाइक जोन्सच्या वाद्यवृंदाने एक गाणे ध्वनिमुद्रित केले. त्यात हिटलरचा जयजयकार झाला रे झाला की हा फुर्रर उमटे. डिस्नेच्या डोनाल्ड डकच्या ज्या व्यंगपटासाठी हे गाणे रचले होते, त्याला ऑस्कर मिळाले. ज्याच्या नावाने अर्धे युरोप थरथरत होते, त्याला एका पोरकट आवाजाने हास्यास्पद करून टाकले. हा आवाज खालून वर गेला, म्हणून तो सुंदर झाला.

आता अखेरचा अध्याय. विसाव्या शतकाच्या मध्यापासून 'कॅटकॉल' या शब्दाचा मुक्काम नाट्यगृहातून रस्त्यावर आला. आज इंग्रजी बोलणाऱ्याला हा शब्द ऐकून पिट आठवत नाही. त्याला आठवते ती रस्त्याने एकटी चाललेली मुलगी आणि कोपऱ्यावर घोळका करून शिट्ट्या घालणारी पोरे. तिने तिकीट लावलेले नाही, दर वाढवलेले नाहीत, तिला कुणी पाहायला बोलावलेले नाही. ती शाळेला, कामाला, दळण आणायला निघाली आहे. पिटातल्या माणसाकडे दुसरा आवाज नव्हता म्हणून तो शिटी घाली; इथे आवाज सारा घोळक्याकडे आणि खाली मान मुलीकडे. मॅन्सफिल्डचा निकष लावून पाहा. ही मनातली दाद नाही, हे एकीविरुद्ध अनेकांचे संगनमत आहे.

आपल्या कायद्याने हे ओळखले होते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ५०९ मध्ये स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द, केलेला हावभाव यांच्याबरोबर काढलेला 'आवाज'ही स्पष्ट नोंदला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम ७९ म्हणून आली आहे. म्हणजे 'साहेब, मी तर नुसती शिटी वाजवली' ही सबब दीडशे वर्षांहून अधिक काळ खोटी आहे. पण कलम पुस्तकात असते आणि शिटी रस्त्यावर. दोहोंमध्ये जे अंतर आहे ते शिपायाने थोडे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ कापायचे असते.

दिवाळी हा आवाजाचा सण. या चार दिवसांत घरोघरी पोरे पिपाण्या, शिट्ट्या, फटाके घेऊन हिंडतील. त्यांना कुणी गप्प बसवू नये. ज्या घरात पोरांचा गलका नाही, ते घर दिव्यांनीही उजळत नाही. फक्त फराळाचे ताट पुढे करताना त्यांना केंबलची आणि त्या सदुसष्ट रात्रींची गोष्ट जरूर सांगावी, आणि त्याबरोबर त्या दिव्यांच्या झोतात एकट्या उभ्या राहिलेल्या हेन्री जेम्सचीही. शिटी तीच असते. समोर सिंहासन आहे की एकटे माणूस, एवढे मान वर करून पाहायला त्यांना शिकवले, म्हणजे पुरे.